ठेंगणीचा सायलेन्सर

आमच्या ठेंगणीचा सायलेन्सर निवडायला अख्खी भावकी बसली होती. माझं लग्न ठरवताना एवढी माणसं बसली नव्हती, आणि जी बसली होती त्यांनी एवढं कान देऊन काही ऐकलंही नव्हतं. हे मी गमतीने लिहीत नाही. त्या दिवसांची गंमत मला तेव्हाही वाटली नव्हती आणि आता तर नाहीच नाही. पण माझ्या नातवंडांना त्यांचे पणजोबा म्हणजे गॉगल लावून उघड्या गाडीतून फिरणारा हौशी माणूस, एवढंच ठाऊक आहे. तसा फोटो आहे घरात. फोटोत आई नाही. ती का नाही हे सांगायला आता मीच उरले आहे, म्हणून लिहायला घेतलं.

ठेंगणी ही वडिलांची गाडी. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. नगरच्या छावणीतला एक लष्करी साहेब बदलून निघाला, त्याच्याकडून आण्णांनी ती घेतली, आणि घेतली तेव्हाच ती जुनी होती. दोन दरवाजे, दोन माणसांची जागा, वर कापडाचं टप, आणि बुटकी इतकी की आत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बैलगाडीचं चाक यायचं. शर्यतीत पळणाऱ्या जातीची गाडी आहे, असं साहेबाने आण्णांना सांगितलं होतं, आणि ते आण्णा भेटेल त्याला सांगायचे. आमची वस्ती काष्टीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. चहूकडे ऊस, मधून पाट, आणि रस्ता म्हणजे उसाच्या गाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. तिथे शर्यतीच्या गाडीचं काय काम, हे आण्णांना कुणी विचारलं नाही. आईने एकदा विचारलं, "हिच्यात पेंडीचं एक पोतं तरी बसंल का?" आण्णा म्हणाले, "ही पोती न्यायची गाडी न्हाई." "मग काय न्यायची हाय?" त्यावर आण्णांनी गॉगल लावला आणि निघून गेले. उत्तर नसलं की ते गॉगल लावत. खोटं कशाला बोलू, मला मात्र ती गाडी फार आवडायची. शेजारच्या जागेवर बसून काष्टीच्या बाजारातून जाताना मी मान अशी ताठ धरायची की दुसऱ्या दिवशी दुखायची.

आईचं सगळं जग गोठ्यात होतं, आणि गोठ्यात चंद्री होती. राहात्याकडचं आईचं माहेर. लग्नात तिच्या वडिलांनी तिला एक म्हैस दिली होती, चंद्री त्या म्हशीची लेक. कपाळावर पांढरा ठिपका, शिंगं आत वळलेली, आणि स्वभाव असा की आईशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. पहाट फुटताना मला जाग यायची ती धारेच्या आवाजाने. आधी रिकाम्या बादलीच्या तळाशी खणखणीत सर, मग फेस चढेल तसा तो आवाज मऊ होत जायचा, आणि मधूनमधून आईचं बोलणं. चंद्रीशी ती जेवढं बोलायची तेवढं आमच्या कुणाशी बोलायची नाही. काल ह्यांनी काय म्हटलं, जावेने काय टोमणा मारला, सुलीला वह्या आणायच्यात, सगळं चंद्रीला सांगायची. सुली म्हणजे मी. मग ताज्या लोण्याचा गोळा घातलेली बाजरीची भाकरी, ठेचा, आणि दुपारी ताकाची कढी. डेअरीचा माणूस सायकलला कॅन लावून यायचा आणि वरचं दूध घेऊन जायचा. त्या दुधाचा पगार आईच्या हातात यायचा. आण्णांनी त्याला कधी हात लावला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. माझा एसटीचा पास, आईच्या बांगड्या, माहेरी जाताना न्यायचं लुगडं, सगळं त्या पगारातून. ऊस आण्णांचा, विहीर आण्णांची, घर आण्णांचं. आईची म्हणावी अशी एकच गोष्ट त्या वस्तीवर होती आणि ती चार पायांची होती.

उसाचा हंगाम चालू झाला की रस्त्याच्या चाकोऱ्या खोल जात आणि मधला उंचवटा वर येई. त्या उंचवट्याने एके दिवशी ठेंगणीच्या पोटाखालचा गंजलेला सायलेन्सर उपटून काढला. आण्णा त्याच गाडीने घरी आले. काय तो आवाज! कोंबड्या उसात पळाल्या, शेजारची म्हातारी दाराला धरून उभी राहिली. आण्णा उतरले ते हसत. "बघितलं का, कसली डरकाळी फोडतीया!" त्यांना तो आवाज गोड लागला, आणि घोटाळा खरा तिथेच झाला.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन नगरला हुसेनभाईंकडे गेले. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं सायलेन्सर बनवायचं दुकान होतं. माणूस बोलघेवडा, स्वतःच्या मालाची स्तुती करताना दम म्हणून घ्यायचा नाही. ह्या गाडीचा कंपनीचा सायलेन्सर आता मिळणं शक्य नाही, असं सांगून त्यांनी तीन प्रकार पुढ्यात टाकले. पहिला जीपच्या सायलेन्सरवरून कापून केलेला, मोठ्या पोटाचा, आत पत्र्याचे पडदे. ह्याने आवाज दबतो, इंजिन जरासं कोंडतं, आणि पोट मोठं म्हणून तो वर ओढून बांधावा लागतो. दुसरा सरळ नळीचा, भोवती काचेची लोकर भरलेली. आवाज घुमतो पण टोचत नाही. तिसरा मुंबईहून आलेला, तयार, दोन तोंडांचा, आरशासारखा चकचकीत. आत काहीच नाही, नुसती मोकळी नळी. "इंजनचा दम मोकळा होतो आण्णासाहेब, गाडी वाऱ्यावर जाती," हुसेनभाई म्हणाले. "असा माल पुन्याला बी भेटनार न्हाई. तिन्ही घेऊन जा. लावून बघा, ऐका, आवडंल तो ठेवा." आता विचार करा, आमच्या रस्त्यावर ती गाडी बैलगाडीच्या मागेच चालायची. इंजिनाचा दम मोकळा होऊन ती जाणार कुठे होती? पण आण्णांनी तिसऱ्याच्या चकचकीत तोंडात स्वतःची मिशी बघून घेतली, ते मी बघितलं.

सायलेन्सर बदलायची आमच्याकडची पद्धत अशी होती की कोरड्या पाटावर दोन फळ्या आडव्या टाकायच्या, त्यावर गाडी चढवायची, आणि माणसाने पाटात उताणं पडून खालून पट्ट्या आवळायच्या. आण्णा स्वतः पाटात झोपले. पट्ट्या, तार, पाना सगळं मी वरून द्यायची. अंगणात बाजा टाकलेल्या, त्यावर भावकी. सगळ्यांच्या पुढे नाना. नाना म्हणजे आण्णांचे चुलतभाऊ. घरात सायकल नव्हती, पण भावकीतल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचं मत होतं आणि त्यांच्या मताशिवाय आण्णांचं पान हलायचं नाही. सायलेन्सर बांधला की आण्णा गाडी कालव्याच्या मोरीपर्यंत न्यायचे, तिथून वळवून भरधाव अंगणात आणायचे. मग भावकी माना डोलवायची. आई भाजलेल्या शेंगा आणि ताक पुरवत होती. पहिला वाजला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आरं, चालू हाय का बंद?" दुसऱ्याला जरा बरं म्हणाले. तिसरा आला तेव्हा मंडळी बाजेवरून उठून उभी राहिली.

"ह्योच!" नाना म्हणाले. "आण्णा, उद्यापासून भावकीतला नवरदेव ह्याच गाडीत बसून पारन्याला जानार. मोरीपाशी गाडी वळली का मांडवात कळलं पायजे, नवरदेव आला म्हनून. वाजंत्री बी नको."

पारणं म्हणजे लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत देवाच्या पाया पडून येतो ते. भावकीतल्या लग्नांना गाडी द्यायची असं आण्णांनी आधीच कबूल करून ठेवलं होतं. नवरदेव कुणाचाही असो, गाडी आण्णांची. तेवढ्यासाठी तर ती घेतली होती, असं मला आता वाटतं.

आण्णा माझ्याकडे वळले. "सुले, तू सांग. तुझा कान चांगला हाय."

"पहिला," मी म्हटलं. "त्याच्यात गाडी चालल्यासारखी वाटते. ह्याच्यात नुसती ओरडते."

"शाळंत जाऊन पोरगी भित्री झाली," आण्णा म्हणाले, आणि सगळे हसले.

तेवढ्यात आई गोठ्यातून आली. पदराला हात पुसत ती आण्णांना म्हणाली, "अवो, ती खरं बोलतीया. पयलाच बसवा. दुसरा वाजला तवा चंद्रीनं कान टवकारलं. ह्यो वाजला आन ती दावं तोडाय निघाली. बगा जाऊन, थरथर कापतीया."

मग नानांनी मांडीवर थाप मारली. "वैनी, आता म्हशीला इचारून सायलेन्सर बसवायचा व्हय?"

भावकी हसून हसून लोळली. सगळ्यात मोठ्याने आण्णा हसले. आई रिकामी ताकाची कासंडी उचलून आत गेली, आणि त्या हसण्यात तिसरा सायलेन्सर कायमचा आवळला गेला.

परवा माझ्या नातवाने पुण्यात एक जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली आणि तिला बाहेरचा सायलेन्सर बसवायचा म्हणून मोबाईलवर आवाज ऐकत बसला. इयरफोनचं एक टोक माझ्याही कानात घातलं. "आजी, हा ऐक. हा थोडा घुमतो, तो कडक आहे. कुठला घेऊ?" मी विचारलं, "खालच्या मजल्यावर तान्हं मूल आहे. त्याच्या आईला विचारलंस?" तो म्हणाला, "त्यांचा काय संबंध, आजी? गाडी माझी आहे." मी ते कानातलं काढून त्याच्या हातात दिलं. त्याला वाटलं म्हातारीला काही कळलं नाही. अरे बाबा, मला जेवढं कळलंय तेवढं तुला तो दुकानदारसुद्धा सांगायचा नाही. असो.

आण्णांनी नवीन खूळ काढलं. पहाटे उठून गाडीने दौंड स्टेशनला जायचं आणि पुण्याच्या गाडीतून आलेला पेपर तिथूनच आणायचा. पेपर सकाळी काष्टीतही मिळायचा. पण दौंडला गाडीभोवती माणसं जमायची. जुनं इंजिन थंडीत लवकर धरायचं नाही, म्हणून ते अंगणात गाडी चालू करून ॲक्सिलरेटरवर पाय दाबत बसायचे, आणि नेमकी तीच आईची धारेची वेळ. पहिल्याच दिवशी चंद्रीने लाथ घालून बादली उडवली. दुसऱ्या दिवशी लाथ नाही घातली, पण पान्हा सोडला नाही. आई कोमट पाण्याने कास धुवायची, तिची रेडी कासेला लावून बघायची, पुढ्यात सरकी ठेवायची, गळ्याखाली खाजवत बोलत बसायची. आत दूध आहे हे हाताला कळायचं, कास घट्ट भरलेली, आणि सडातून चार थेंब. गाडी निघून गेली तरी ती किती वेळ तशीच, कान मोरीकडे लावून. तोवर डेअरीची सायकल येऊन रिकामी परत जायची. मग संध्याकाळीही तेच सुरू झालं, कारण संध्याकाळी आण्णा परत फेरी मारायचे. आई म्हणायची, "माझी चंद्री चोरटी न्हाई. भ्यालीया बिचारी." म्हणताना तिचाच आवाज कापायचा.

तिने आण्णांना एवढंच मागितलं. "मी धार काढूस्तवर थांबत जावा. तेवढंच."

आण्णा थांबले, नाही असं नाही. चार-पाच दिवस गाडीत बसून, चावीवर हात ठेवून, स्टिअरिंगवर बोटं वाजवत थांबले. चंद्री पुन्हा सुधारायला लागली होती. पण एका पहाटे नाना टमरेल घेऊन अंगणावरून चालले होते, ते थबकले. "काय आण्णा? म्हशीची परवानगी मिळाली न्हाई का अजून?" झालं. एवढंच वाक्य. आण्णांनी तिथल्या तिथे चावी फिरवली आणि पाय असा दाबला की गोठ्याच्या पत्र्यावरची धूळ खाली आली. आईच्या अंगावर पडलेली ती धूळ मी झाडली आहे. आजही नानांचं नाव कुणी घेतलं तर माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि ते जाऊन किती वर्षं झाली.

मग आई चंद्रीला वस्तीपासून लांब, शेवटच्या बांधावरच्या लिंबाखाली नेऊन बांधायला लागली. पहाटे दवातून बादली घेऊन जायची, ओचा भिजून यायचा. पण सपाट रानात तो आवाज तिथेही पोचायचा. नाना म्हणाले, "सुई टोचा. झक मारत पान्हा सोडंल." आई म्हणाली, "तुमच्या घरात टोचा." भावकीतल्या माणसाला आई अशी कधी बोलली नव्हती. आणि गंमत बघा, तो पहिला सायलेन्सर अजून आमच्याच पडवीत पडला होता. दुसरा परत गेला, हा आळसाने राहून गेला. तो बसवायला आण्णांना एक दुपार पुरली असती. फळ्या तिथेच होत्या, पाना तिथेच होता, पट्ट्या द्यायला मी होते.

आईने शेवटी तोच विषय काढला. आम्ही जेवायला बसलो होतो. "पडवीतला पयला सायलेन्सर बसवा ना. मी आजपातुर तुमच्याकडं काय मागितलं न्हाई."

आण्णांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "भावकीनं पसंत केल्याला सायलेन्सर मी काढला, तर लोकं काय म्हनतील? आण्णा म्हशीला भ्याला म्हनतील."

"म्हशीला न्हवं," आई म्हणाली. "बायकुला भ्याला म्हनतील. त्येचीच भीती हाय तुमाला."

आण्णा ताटावरून उठले. हात धुताना पाठमोरेच म्हणाले, "म्हैसच बिघडलीया. बाजारला काष्टीला नेऊ. दुसरी आनू." आईने उरलेलं जेवण झाकून ठेवलं. मी तिच्याकडे बघत होते, पण ती रडली नाही.

बाजारच्या दिवशी आम्ही दोघींनीच चंद्रीला चालवत नेलं, मागे रेडी. कास भरलेली दिसावी म्हणून सकाळची धार काढायची नाही, असं आण्णांनी बजावलं होतं. ते मागून गाडीने येणार होते. काष्टीचा जनावरांचा बाजार म्हणजे नुसता कालवा. बैलांचे, गाईंचे, म्हशींचे हंबरडे, दलालांची ओरड, उसाच्या रसाच्या चरकाची घुंगरं, शेळ्या-मेंढ्या, पोरंबाळं. त्या गर्दीत गाडी आत येईना, म्हणून आण्णा ती लांब पेट्रोलपंपाजवळ लावून चालत आले. देवळाली प्रवऱ्याकडचा एक बागायतदार चंद्रीपाशी थांबला. सभ्य माणूस होता, वयाने आण्णांएवढा, डोक्याला पांढरं पागोटं. शिंगं बघितली, दात बघितले. दलालाने दोघांच्या हातावर रुमाल टाकला आणि खालून बोटं दाबादाबी झाली. आमच्याकडे भाव असा रुमालाखाली ठरतो, बाजूच्याला कळत नाही. मग तो माणूस म्हणाला, "धार काढून दावा. दूध बघितल्याबिगर मी जनावर घेत न्हाई."

आण्णांचा चेहरा उतरला. आईच्या कानाशी लागून म्हणाले, "जरा सांभाळून. तांब्याभर तरी निघू दे."

आई बसली. कपाळ चंद्रीच्या पोटाला टेकवलं, काहीतरी पुटपुटली, आणि कासेला हात लावला. त्या सगळ्या कालव्यात चंद्रीने डोळे मिटले. पान्हा असा सुटला की बादलीत सर पडतानाच लोक वळून बघायला लागले. फेस वर आला, काठाला लागला, आई थांबेना, म्हैस थांबेना. शेजारच्या माणसाने पळत आपली बादली आणून दिली. कितीतरी दिवसांचं कोंडलेलं सगळं चंद्री देत होती. आईच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात चालू होते. मी आण्णांकडे बघितलं. देवाशपथ सांगते, मला वाटलं हे आता म्हणतील, चला, घरी न्या तिला. मला एवढी खात्री वाटली की मी दाव्याला हातसुद्धा घातला.

आण्णांनी मिशीवर हात फिरवला. "बघितलं का पावनं? अशी म्हैस उभ्या तालुक्यात दाखवा! आता मगाच्या भावात जमायचं न्हाई." आणि त्यांनी पुन्हा रुमालाखाली हात घातला.

आई उठली. चारचौघांत, परक्या बाजारात, ती पहिल्यांदाच त्यांच्यासमोर उभी राहिली. "अवो, तुमच्या डोळ्यानं बघितलं न्हवं? म्हशीला काय बी झाल्यालं न्हाई. चला, घरी नेऊ तिला."

"बोटं धरलीत मी," आण्णा म्हणाले. "आता माघार न्हाई."

तो बागायतदार रुमालाखालून हात काढून घेत म्हणाला, "ताई, तुमच्या मनात नसंल तर मी न्हाई नेत. जनावर बाईच्या हातचं हाय, दिसतंय मला."

परक्या माणसाला दिसलं. आण्णा म्हणाले, "बाईमानसाचं काय ऐकताय पावनं? सोडा दावं."

आमच्याकडे जनावर विकलं तरी आपलं दावं देत नाहीत. त्या माणसाने नवीन दावं आणलं होतं, ते बांधलं, आणि आईने आपलं सोडून घेतलं. चंद्री दहा पावलं गेली आणि वळून रेकली. रेडी मागे उड्या मारत गेली, तिला काय कळणार. दूध तुम्हीच घरी न्या, असं तो माणूस म्हणाला होता. आईने दोन्ही बादल्या बाजारातल्या हॉटेलवाल्याच्या पातेल्यात रिकाम्या केल्या आणि पैसे घेतले नाहीत. आण्णा मला म्हणाले, "सुले, चल, गाडीत बस." मी आईबरोबर चालत निघाले. अर्ध्या वाटेत ते आवाज करत आमच्या शेजारून गेले. त्यानंतर मी त्या गाडीत कधी बसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने आण्णांच्या पुढ्यात चहा ठेवला, तो कोरा. आमच्या भागात कोरा चहा सुतकात करतात. घरात कुणी गेलं की दुधाचा चहा चढत नाही, भेटायला आलेल्यालाही कोराच देतात.

आण्णांनी कपात बघितलं. "ह्यो कशाला? कोन मेलंय?"

आईने दुसरा कोरा कप माझ्यापुढे ठेवला.

"डेअरीतनं दूध आन की."

"तुमी आना आन तुमी प्या," आई म्हणाली. "माझ्या हातनं ह्या घरात दुधाचा चहा व्हनार न्हाई."

आण्णांना वाटलं, दोन दिवसांचा राग आहे. पण आईने तो चहा चालूच ठेवला. भावकी आली तर भावकीलाही तोच. नाना म्हणाले, "वैनी, दूध संपलं व्हय?" तर म्हणाली, "भावकीनंच पसंत केलाय चहा. प्या." बाहेर बोभाटा झाला की आण्णाच्या घरचं सुतक काही फिटंना. पाहुणे यायचे कमी झाले. लग्नाला गाडी मागायला आलेल्यांच्या हातातही आई कोरा कप ठेवायची. शुभकार्याला आलेल्या माणसाला सुतकाचा चहा! ती माणसं कप न उचलता उठून जायची, आणि हळूहळू नवरदेवांनी दुसऱ्या गाड्या बघितल्या. मग एका दुपारी आण्णा न बोलता पाटात उताणे झोपले आणि त्यांनी तो पहिला, दबक्या आवाजाचा सायलेन्सर बसवला. पट्ट्या द्यायला मला हाक मारली, मी गेले नाही. नवीन म्हैसही आणली. आईने तिला चारापाणी केलं, पण धारेला बसली नाही, धारेला गडी ठेवावा लागला. दूध सगळं डेअरीला, पगार आण्णांच्या हातात. माझं पुढचं शिक्षण मामाने राहात्याला नेऊन केलं. आई वस्तीवरच राहिली, आण्णांचं सगळं केलं, आजारपणात पायही चेपले. चहा मात्र शेवटपर्यंत कोरा. लोक म्हणायचे, बाई फार ताठ. ताठ कसली? तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

आई आण्णांच्या आधी गेली. तिचं सुतक पाळायला मी वस्तीवर होते. रिवाजाप्रमाणे सगळ्यांना कोरा चहा दिला. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि सकाळी आण्णा ओसरीवर बसले होते, पार वाकलेले. मला हाक मारून हळूच म्हणाले, "सुले, आता फिटलं सुतक. जरा दूध घाल चहात."

दूध होतं. समोरच पातेल्यात, तापवलेलं, साय धरलेलं. मी कोरा चहा गाळला आणि कप त्यांच्या हातात दिला.

"आईचं फिटलं, आण्णा," मी म्हटलं. "चंद्रीचं न्हाई."